चुकीचा खाना

सध्या मुक्काम बबिना. झाशीहून ललितपूरकडे जाताना लागतं. पावसाळा नुकताच सरलाय, मैदानाकडेचं गवत अजून कमरेएवढं आहे आणि रात्री बॅटरीशिवाय कोणी बाहेर पडत नाही. २ ऑक्टोबरला सुट्टी होती, गांधीजींची दीडशेवी जयंती. नऊला झाडू घेऊन फॉल-इन होतं, त्यामुळे सकाळची पीटी नव्हती. मी मात्र पहाटे साडेपाचलाच चहाचा मग आणि मोबाइल घेऊन क्वार्टरच्या मागच्या कठड्यावर जाऊन बसलो. तिथे नेट जरा बरं चालतं.

नेहमीच्या वाचकांनी ओळखलंच असेल. ऑक्टोबर आला की मला बेसबॉल चढतो. अमेरिकेत रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. फौजी माणसाला यापेक्षा सोयीची वेळ कुठली?

सामना वॉशिंग्टन आणि मिलवॉकी यांच्यात होता. वाइल्ड कार्डचा. म्हणजे हरला तो घरी, दुसरी संधी नाही. आठव्या इनिंगपर्यंत मिलवॉकी ३-१ ने पुढे. वॉशिंग्टनचे दोन आउट झालेले, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅटिंगला हुआन सोटो, वय वर्षे वीस. त्याने चेंडू उजवीकडे मारला. साधा फटका, जमिनीवरून आलेला. तिथे ट्रेंट ग्रिशम नावाचा बावीस वर्षांचा नवखा पोरगा उभा होता. तो धावत पुढे आला, वाकला, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हजवळून सरळ मागे गेला. दोन धावांच्या जागी तीन झाल्या. वॉशिंग्टन ४-३. तिथेच मिलवॉकीचा मोसम संपला.

पुढे कॅमेरा बराच वेळ त्या पोराच्या तोंडावर होता. मी मग खाली ठेवला. मनात म्हटलं, आला आणखी एक.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. बेसबॉलच्या फलकावर प्रत्येक संघापुढे शेवटी तीन आकडे असतात. धावा, हिट आणि चुका. हो, चुका. चेंडू सहज धरता आला असता आणि धरला नाही, किंवा फेकी भलतीकडे गेली, तर अधिकृत स्कोअरर ती ‘एरर’ म्हणून त्या खेळाडूच्या नावावर मांडतो, आणि ती फलकावर सगळ्या मैदानासमोर झळकते. आपल्याकडे झेल सुटला तर गावसकर कॉमेंट्रीत दोन शब्द बोलतात आणि विषय संपतो. स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला जागा नाही. बेसबॉलमध्ये आहे.

आणि त्या खान्यात काय जातं, काय जात नाही, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

मूळ सुरुवात जळगावची. आमच्याकडे शाळेत सॉफ्टबॉल होता, तो बेसबॉलचाच धाकटा भाऊ. मी कॅचर होतो, कारण गुडघ्यांवर तासभर बसायला दुसरं कोणी तयार नसे. त्याच सुमारास मामा नोकरीसाठी बॉस्टनकडे गेले. निळ्या आंतरदेशीय पत्रांसारखी हवाई पत्रं यायची. त्यांत थंडी, भाजीचे भाव, आणि रेड सॉक्स नावाच्या एका क्लबचं रडगाणं. १९८६ च्या दिवाळीनंतर एक जाड पाकीट आलं, आत वर्तमानपत्राचं कात्रण. फोटोत मिशीवाला एक माणूस पाठमोरा वाकलेला आणि चेंडू त्याच्या मागे पडलेला. मामांनी वर पेनने लिहिलं होतं, ‘पायांमधून गेला रे.’ मी सातवीत होतो. त्या माणसाचं नाव बिल बकनर. तो २०१९ मध्ये २७ मे रोजी गेला, एकोणसत्तराव्या वर्षी. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे. ग्रिशमने तो कागदावर आणला.

एका चुकीचं इतकं ओझं का होतं, ते समजायला या खेळाची रचना पाहावी लागते. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत एक संघ १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज. आज हरलात तर उद्या पुन्हा आहेच. चूक आज झाली तर पुढच्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही राहत नाही. मग ऑक्टोबर येतो, आणि सगळा हिशेब पाच-सात सामन्यांवर येऊन ठेपतो. सहा महिने लाँग रूट मार्च आणि शेवटी शंभर मीटरची शर्यत, असा हा प्रकार आहे.

पहिली वर्ल्ड सिरीज १९०३ ची. बॉस्टनने पिट्सबर्गला ५-३ असं हरवलं, तेव्हा ती नऊ सामन्यांची होती. पुढच्याच वर्षी ती झाली नाही, कारण न्यू यॉर्क जायंट्सचे मालक जॉन ब्रश आणि मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांना नवी लीग आपल्या तोलामोलाची वाटत नव्हती. नाही खेळत म्हणाले आणि खेळले नाहीत! १९०५ पासून मात्र ती दरवर्षी झाली. दोन महायुद्धांतही थांबली नाही. थांबली ती १९९४ मध्ये, खेळाडूंच्या संपामुळे. १९६८ पर्यंत दोन लीगमधले पहिले दोन संघ थेट भिडत. १९६९ ला मध्ये एक फेरी आली, १९९५ ला आणखी एक, आणि २०१२ ला हा एका सामन्याचा वाइल्ड कार्ड, जो २०२१ नंतर राहिला नाही. जुने लोक नाकं मुरडतात. माझं म्हणणं, जितके जास्त संघ तितकी माझी पहाट लांबते, बरंच आहे.

आता १९१२. बॉस्टन विरुद्ध न्यू यॉर्क जायंट्स. दुसरा सामना अंधारामुळे बरोबरीत सोडावा लागला होता, म्हणून निकाल आठव्या सामन्यावर आला. १६ ऑक्टोबर, फेनवे पार्क, जे त्याच वर्षी उघडलं होतं. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्स २-१ ने पुढे आणि त्यांचा पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन, त्या काळातला सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. बॉस्टनच्या पहिल्याच बॅटरने चेंडू उंच उडवला. मधल्या मैदानात फ्रेड स्नॉडग्रास त्याच्या खाली आरामात उभा राहिला, आणि चेंडू हातात येऊन सुटला.

एवढंच जगाला माहीत आहे. त्याच्यापुढचं कोणी सांगत नाही. पुढच्याच बॅटरच्या फटक्यावर स्नॉडग्रासने धावत जाऊन एक अवघड झेल घेतला, जो सुटला असता तर सामना तिथेच बरोबरीत आला असता. मग मॅथ्यूसनने एकाला चार बॉल देऊन फुकट बेस दिला. मग ट्रिस स्पीकरचा एक सोपा फाउल झेल फर्स्ट बेसजवळ उडाला. फर्स्ट बेसमन, कॅचर आणि पिचर, तिघेही जवळ. एकमेकांकडे बघत राहिले आणि चेंडू तिघांच्या मध्ये जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या स्पीकरने हिट मारून बरोबरी केली, आणि थोड्याच वेळात बॉस्टन ३-२ ने जिंकलं.

आता प्रथा अशी, की चेंडूला कोणाचा हातच लागला नाही आणि समन्वय चुकला, तर ती बहुतेक वेळा ‘एरर’ धरत नाहीत. तिघांनी मिळून सोडलेला झेल कोणाच्याच नावावर नाही. स्नॉडग्रासचा मात्र नावावर. वर्तमानपत्रांनी त्याला तीस हजार डॉलरचा झेल म्हटलं, कारण जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या संघाच्या बक्षिसात साधारण तेवढा फरक होता. मॅनेजर तोच मॅकग्रॉ, १९०४ ला हटून बसलेला. पण त्याने स्नॉडग्रासला दोष दिला नाही, उलट पुढच्या मोसमात त्याचा पगार वाढवला. या एका गोष्टीसाठी मी त्याचं १९०४ माफ करतो. स्नॉडग्रास पुढे कॅलिफोर्नियात मानाने जगला, ऑक्सनार्ड गावाचा महापौरही झाला. १९७४ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी गेला, तेव्हा न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्राने मृत्यूच्या बातमीच्या मथळ्यातच तो सुटलेला झेल घातला. बासष्ट वर्षं झाली होती!

ब्रुकलिनच्या मिकी ओवेनचंही तेच. १९४१, चौथा सामना, नवव्या इनिंगमध्ये दोन आउट, ब्रुकलिन ४-३ ने पुढे. यांकीजचा टॉमी हेन्रिक तिसऱ्या स्ट्राइकवर चुकला, म्हणजे सामना संपला. पण कॅचर ओवेनच्या हातून चेंडू निसटला आणि नियमाप्रमाणे हेन्रिक पळत फर्स्ट बेसवर पोचला. त्यानंतर पिचर ह्यू केसीला डिमॅजिओने मारलं, केलरने मारलं, गॉर्डनने मारलं, चार धावा गेल्या. हे फटके ओवेनने दिले नव्हते. पण लक्षात राहिला ओवेन. मी स्वतः कॅचर असल्यामुळे इथे थोडा पक्षपात होत असेल.

बॉस्टनकडे येतो. १९१८ ची वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकली, आणि ती फौजी माणसाने माहीत करून घ्यावी अशी आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं. सरकारने फर्मान काढलं होतं की तरुणांनी एकतर लढावं नाहीतर युद्धाला उपयोगी काम करावं, म्हणून मोसम लवकर गुंडाळून सिरीज सप्टेंबरातच खेळवली. ५ सप्टेंबरला शिकागोतल्या पहिल्या सामन्यात बेब रूथने पिचिंग करून १-० ने जिंकून दिलं. हो, तोच बेब रूथ, तेव्हा तो पिचिंगही करायचा. त्या सामन्याच्या सातव्या इनिंगमध्ये बँडने अचानक अमेरिकेचं ते प्रसिद्ध झेंड्याचं गीत वाजवलं, जे तेव्हा राष्ट्रगीत झालेलंही नव्हतं, ते १९३१ ला झालं. बॉस्टनचा थर्ड बेसमन फ्रेड थॉमस नौदलातून रजेवर येऊन खेळत होता. त्याने झेंड्याकडे वळून सॅल्यूट ठोकला. प्रेक्षक आधी गप्प होते, मग हळूहळू गायला लागले. आज तिकडे प्रत्येक सामन्याआधी ते गीत होतं, त्या प्रथेचा एक धागा त्या दुपारपर्यंत जातो.

दीड वर्षाच्या आत बॉस्टनने रूथला यांकीजला विकलं. मग १९४६, १९६७, १९७५, तिन्ही वेळा वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात हरले. शाप म्हणा, काही म्हणा. मामा गेले तेव्हा गावात अडुसष्ट वर्षांचं सुतक चालू होतं.

२५ ऑक्टोबर १९८६, शनिवारची रात्र, शे स्टेडियम, न्यू यॉर्क. मेट्सविरुद्ध बॉस्टन ३-२ ने पुढे, हा सहावा सामना. दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टनने दोन धावा काढल्या, ५-३. मेट्सचे पहिले दोघे आउट. एक आउट राहिला. बॉस्टनच्या खोलीत शॅम्पेन आणून ठेवली होती. मग गॅरी कार्टरचा हिट. केव्हिन मिचेलचा हिट. रे नाइट दोन स्ट्राइकवर होता, अजून एक स्ट्राइक की अडुसष्ट वर्षं फिटली, आणि त्याने हिट मारला. ५-४. पिचर कॅल्विन शिराल्डीला काढून बॉब स्टॅन्लीला आणलं. समोर मूकी विल्सन. स्टॅन्लीचा एक चेंडू इतका आत गेला की कॅचरला अडवता आला नाही, मिचेल थर्डवरून पळत घरी. ५-५.

इथे थांबा. सामना बरोबरीत आला आहे, दोन धावांची आघाडी गेली आहे, आणि बकनरने अजून चेंडूला हातही लावलेला नाही. तीन हिट ही चूक नाही. स्टॅन्लीचा तो चेंडू ‘वाइल्ड पिच’, तोही चुकांच्या खान्यात धरत नाहीत. या इनिंगमधलं फलकावर अजून कोणाचंच पाप नाही.

मग विल्सनचा तो लुळा फटका, फर्स्ट बेसकडे टप्पे खात गेलेला. बकनर वाकला, ग्लोव्ह जरा वर राहिला, चेंडू खालून गेला. नाइट सेकंडवरून पळत आला, ६-५. स्कोअररने मांडलं, फर्स्ट बेसमनची चूक.

बकनरचे दोन्ही घोटे वर्षानुवर्षं दुखावलेले होते. सामन्याआधी तासन्‌तास बर्फ, पट्ट्या, उंच बूट. तशा पायांवर त्या मोसमात त्याने १०२ धावा घरी आणल्या होत्या. त्याच सिरीजमधले तीन सामने बॉस्टनने जिंकले, त्या तिन्हींत आघाडी असताना मॅनेजर जॉन मॅकनामारा यांनी शेवटी बकनरला बसवून डेव्ह स्टेपलटनला उभं केलं होतं. सहाव्या सामन्यात केलं नाही. लोक म्हणतात, विजयाच्या क्षणी बकनर मैदानावर असावा म्हणून. मॅकनामारा यांनी ते कधी मान्य केलं नाही, तोच माझा सर्वांत चांगला फर्स्ट बेसमन होता, असं ते सांगत राहिले. काय खरं ते त्यांना ठाऊक. पण बाकावरून न दिलेल्या हुकमाला त्या फलकावर खाना नाही. आणि हो, सातवा सामना अजून बाकी होता. त्यात बॉस्टन ३-० ने पुढे जाऊन ८-५ ने हरलं. त्याचा फोटो कोणी मला पाठवला नाही.

आता माझी गोष्ट. २००६. मी हवालदार, आमची पुलाची स्पर्धा. जागा आणि युनिट सांगत नाही. बेली ब्रिज ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, एक पॅनल म्हणजे दहा फूट लांब, साधारण अडीचशे किलोंचं लोखंड, सहा जण उचलतात. दोन पॅनल समोरासमोर आणून भोकं जुळली की पिन ठोकायची. पिना ठोकणारा चांगला असला की पूल वाऱ्यासारखा पुढे सरकतो. आमच्याकडे साताऱ्याकडचा एक पोरगा होता, असा हात मी नंतर पाहिला नाही. दोन महिने सराव झाला आणि स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्याचं उजव्या हाताचं बोट पॅनलमध्ये सापडलं. एमआय रूमला गेला असता तर लाइट ड्यूटी मिळाली असती. त्याने कोणाला सांगितलं नाही. मला दिसलं होतं. त्याला हातोडा डाव्या हाताने उचलताना मी पाहिलं होतं.

बदली माणूस तयार होता. थोडा सावकाश, पण दोन्ही हातांचा. मी त्याला उभा केला नाही. मनात हेच होतं की दोन महिने ज्याने घाम गाळला तो ट्रॉफीच्या वेळी जागेवर असावा. स्पर्धेच्या दिवशी आम्ही पुढे होतो. शेवटच्या ढकलणीला एक पिन पुरती बसलेली नव्हती, ती निघून खाली पडली. कोणाला इजा नाही. पण पूल थांबवावा लागला, भोकं पुन्हा जुळवावी लागली, आणि तेवढ्या मिनिटांत दुसरे पलीकडच्या काठावर. अंपायरच्या कागदावर फॉल्टच्या रकान्यात लिहिलं गेलं, पिन, आणि त्या पोराचा नंबर.

डिब्रीफ झाला. साहेबांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय? मी उभा राहिलो नाही. तो उभा राहिला, म्हणाला, गलती मेरी है साब. त्या दिवसापासून त्याचं नाव पिन पडलं. लंगरमध्ये पिन, गार्डवर पिन, पोस्टिंग होऊन दुसरीकडे गेला तर नाव त्याच्या आधी पोचलं. मीही एकदोनदा तसंच हाक मारली असेल.

मी ८६ चा सगळा इतिहास तेव्हा पाठ करून बसलेलो माणूस होतो. स्टेपलटनचं नाव मला माहीत होतं. पठाणकोटच्या बाजारात सायबर कॅफेत बसून मी २००४ पाहिलं होतं, यांकीजकडून ०-३ ने मागे असताना डेव्ह रॉबर्ट्सची ती चोरटी धाव, ऑर्टिझ, मग सलग चार, मग सेंट लुइसला सलग चार. शहाऐंशी वर्षांनी बॉस्टन जिंकलं, तिकडे चंद्रग्रहण, इकडे सकाळचे नऊ, आणि मामांचा फोन लागेना कारण ते बहुधा रस्त्यावर नाचत होते. एक वर्ष आधी, २००३ ला, मॅनेजर ग्रेडी लिटलने थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये काढलं नाही, आणि तीन धावांची आघाडी गेली. तेव्हा मी चारचौघांत तावातावाने बोललो होतो की हा दोष मॅनेजरचा. हे सगळं बोलून झाल्यावर, २००६ ला, मी गप्प बसलो.

एक गोष्ट इथे नोंदवावी. मारियानो रिव्हेरा, यांकीजचा तो थोर पिचर, २००१ च्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला त्याने सेकंडकडे भलतीच फेकी केली. अधिकृत चूक, नावावर. त्याच इनिंगमध्ये सामना आणि वर्ल्ड सिरीज गेली. त्याला कोणी काही म्हणत नाही. कारण त्याच्याकडे आधीच्या चार ट्रॉफ्या होत्या. बकनरकडे बावीस मोसम आणि २,७१५ हिट होत्या, त्या पुरल्या नाहीत. ज्याच्या पाठीशी काही नाही, ओझं त्याच्याच पाठीवर बसतं. आणि ते सगळ्यांना पेलतंच असं नाही. त्याच ८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाचा डॉनी मूर, एक स्ट्राइक उरला असताना डेव्ह हेंडरसनला होमरन देऊन बसला. तीन वर्षांत, बायकोवर गोळ्या झाडून, त्याने स्वतःला संपवलं. ती वाचली. लोक ते एका होमरनला जोडतात. त्याच्या घरातली मारहाण, गेलेला खांदा, गेलेली नोकरी, हे सगळं त्या होमरनच्या आड झाकलं जातं. एका चेंडूने सगळं समजावून देण्याची ही सवय त्याच्या मरणानंतरही सुटली नाही.

८ एप्रिल २००८. फेनवे पार्कमध्ये मोसमाचा पहिला सामना, पहिला चेंडू टाकायला बिल बकनरला बोलावलं. तो आयडाहोला जाऊन राहिला होता, लांब. डावीकडच्या भिंतीपासून एकटा चालत आला, सगळं मैदान उभं, दोन मिनिटांहून जास्त टाळ्या. जुना सोबती ड्वाइट एव्हान्सने चेंडू धरला. बकनर डोळे पुसत होता. नंतर बोलताना म्हणाला की त्याला चाहत्यांना नाही, वार्ताहरांना माफ करावं लागलं. मामांनी तो व्हिडिओ मेलवर पाठवला, खाली काहीही न लिहिता. मामांनी पण त्याला बावीस वर्षं शिव्या घातल्या होत्या.

२०१९ च्या मे महिन्यात बकनर गेल्याची बातमी आली, त्या रात्री मी नंबर शोधून साताऱ्याकडे फोन लावला. तो पेन्शनवर आलाय, ऊस आहे, दोन म्हशी आहेत, थोरली पोरगी बारावीला. पावसाचं विचारलं, पाणी नाही म्हणाला, टँकर चालू आहे. मी म्हटलं, अरे, एक सांगायचं राहिलंय, ती २००६ ची स्पर्धा. तो हसला. म्हणाला, “उस्ताद, तुम्हाला माझं बोट माहीत होतं. मला तेव्हाच माहीत होतं की तुम्हाला माहीत होतं.”

मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललास?

“तुम्ही बसलेले होता ना.”

मग म्हशीला काहीतरी झालं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी मिलवॉकीचा ग्रिशम सामना संपल्यावर पत्रकारांसमोर उभा राहिला आणि चूक माझी, असं म्हणाला. चेंडू त्याने नीट धरला असता तरी दोन धावा होऊन बहुधा ३-३ झालं असतं. बेस भरले होते ते जॉश हेडरच्या पिचिंगमुळे. आणि उजव्या मैदानात तो उभा होता कारण तिथला नेहमीचा माणूस, क्रिस्टियन येलिच, सप्टेंबरात गुडघ्याची वाटी फुटून बाहेर बसला होता. यातलं काहीही फलकावर नव्हतं.

२०१९ च्या त्या मोसमात वॉशिंग्टन वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलं, त्या शहरात ती १९३३ नंतर पहिल्यांदा येत होती. समोर ह्यूस्टन. बुधवारी पहाटे साडेपाचला पहिला सामना होता आणि सहाला पीटी. सुभेदार मेजर साहेबांना विचारून ठेवलं होतं.